नवा श्वसनविषाणू येतो तेव्हा: सार्सची वही आणि कोविडचा पेपर

नमुना_क्र_७ (धागाकर्ता)

जानेवारी २०२० मध्ये "या आजाराबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं" असं आता सर्रास बोललं जातं. पण डॉक्टरांच्या हातात तेव्हा कोरी पाटी नव्हती, सार्स या कोविडच्याच जातकुळीतल्या श्वसनविकाराच्या साथीची २००३ सालची वही होती. नव्या विषाणूचं जनुकीय साम्य जुन्याशी जवळपास ८० टक्के, पेशीत शिरायचं दार तेच (पेशीवरचं एसीई-२ हे प्रथिन), न्यूमोनियाही त्याच वळणाचा. मग सगळे जुन्या नोट्स काढून पेपर लिहायला बसले. काही उत्तरं चोख आली, काही सपशेल चुकली. कुठली वहीमुळे बरोबर आली आणि कुठली वहीमुळेच चुकली, ते या धाग्यावर गोळा करू या. विषाणू बाजारातून आला की प्रयोगशाळेतून निसटला, यावर दुसरीकडे भरपूर हाणामारी झाली आहे, इथे नको.

सुरुवात व्याख्येपासून करतो, कारण विषाणू सापडायच्या आधी रुग्ण मोजावे लागतात.

सार्सचा पहिला ज्ञात रुग्ण १६ नोव्हेंबर २००२ चा, चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या फोशानचा. जागतिक आरोग्य संघटनेने जगाला इशारा दिला १२ मार्च २००३ ला आणि 'सार्स' हे नाव आलं १५ मार्चला. तेव्हा ना चाचणी होती ना विषाणूचा पत्ता. मग रुग्ण कुणाला म्हणायचं? ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप, खोकला किंवा धाप, आणि आधीच्या १० दिवसांत रुग्णाशी निकटचा संबंध किंवा बाधित भागातून प्रवास: एवढं जुळलं की 'संशयित'. एक्स-रेत न्यूमोनिया दिसला की 'संभाव्य'. बस.

अशा व्याख्येत गोम असते. सैल ठेवली तर हंगामातला प्रत्येक फ्लू आत घुसतो आणि वॉर्ड भरतात. आवळली तर ज्यांचा आजार पुस्तकाप्रमाणे चालत नाही ते बाहेर राहतात. सिंगापूरमध्ये मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार असलेल्या काही रुग्णांची लक्षणं व्याख्येत बसली नाहीत. ते साध्या वॉर्डात राहिले आणि तिथून पुढची साखळी सुरू झाली.

२०२० मध्ये हीच चूक प्रवासाच्या अटीत झाली. भारतात २० मार्चपर्यंत परदेशप्रवास किंवा ज्ञात रुग्णाशी संपर्क असल्याशिवाय चाचणी होत नव्हती. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) १५ फेब्रुवारी ते २ एप्रिल या काळात तीव्र श्वसनविकाराने भरती झालेल्या ५,९११ रुग्णांचे नमुने तपासले, त्यात १०४ पॉझिटिव्ह निघाले. त्यातल्या ४० जणांनी ना प्रवास केलेला ना कुणाशी संपर्क. म्हणजे व्याख्या ज्यांना शोधतच नव्हती ते आधीपासून वॉर्डात झोपलेले होते.

---

कडीपत्ता

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

पेशीपात्र

छान विषय. विषाणू ओळखण्याचा भाग मी घेतो.

रुग्णाच्या नमुन्यात एखादा जंतू सापडला म्हणजे तोच गुन्हेगार असं नसतं. २००३ मध्ये या एका मुद्द्यावर तीन वेळा पाय घसरला. फेब्रुवारीत चिनी प्रयोगशाळेला शवविच्छेदनाच्या नमुन्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली क्लॅमिडियासारखं काहीतरी दिसलं आणि तेच कारण म्हणून जाहीर झालं. ग्वांगडोंगमधले डॉक्टर म्हणत होते की क्लॅमिडियावरच्या प्रतिजैविकांनी रुग्ण बरे का होत नाहीत मग? त्याच महिन्यात हाँगकाँगच्या एका कुटुंबात एच५एन१ बर्ड फ्लू सापडला, त्यामुळे अर्ध्या जगाचा संशय तिकडे. मार्चमध्ये जर्मनी आणि हाँगकाँगमधून पॅरामिक्झोव्हायरसची बातमी, कॅनडाच्या नमुन्यांत मानवी मेटान्यूमोव्हायरस. हे सगळे जंतू खरोखर सापडले असतीलही. नाकाघशात काही ना काही वस्तीला असतंच.

खरा विषाणू सापडायला उशीर का झाला? नेहमीच्या पेशींत तो वाढेना. फ्लूसाठी एमडीसीके पेशी वापरतात, त्यात काहीच नाही. हाँगकाँग विद्यापीठात मलिक पीरिस यांच्या गटाने माकडाच्या भ्रूणाच्या मूत्रपिंडातल्या एफआरएचके-४ पेशी घेतल्या, त्यात पेशी मरताना दिसल्या. अमेरिकेच्या सीडीसीत (रोगनियंत्रण केंद्र) व्हेरो ई६ पेशींत, याही माकडाच्या मूत्रपिंडातल्याच, तो वाढला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मुकुटासारखे काटे दिसले, म्हणजे कोरोनाविषाणू. तोवर मार्चचा शेवटचा आठवडा उजाडला होता.

यानंतरच्या पायऱ्या महत्त्वाच्या:

एक, जोडरक्त. आजाराच्या पहिल्या आठवड्यातलं आणि तीन-चार आठवड्यांनंतरचं, अशी एकाच रुग्णाची दोन सीरम. दुसऱ्यात प्रतिपिंडं किमान चौपट वाढली तरच संसर्ग ताजा. निरोगी लोकांच्या रक्तात ती मुळीच नसावीत. सार्समध्ये नव्हती, हा मोठा पुरावा ठरला.

दोन, प्राणी. रॉटरडॅमच्या एरास्मस केंद्रात मकाक माकडांना विषाणू दिला, त्यांना तसाच न्यूमोनिया झाला, आणि त्यांच्यातून विषाणू परत वेगळा काढता आला. नुसत्या मेटान्यूमोव्हायरसने तसा आजार झाला नाही. १६ एप्रिल २००३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कारण निश्चित म्हणून जाहीर केलं. इशाऱ्यापासून पाच आठवडे.

तीन, जनुकीय क्रम. व्हँकुव्हरच्या संस्थेने १२ एप्रिलला पूर्ण क्रम प्रसिद्ध केला, सुमारे २९,७०० अक्षरांचा.

२०२० मध्ये हा क्रमच उलटा झाला. फुप्फुस धुवून काढलेल्या द्रवातला सगळा आरएनए सरसकट वाचायचा, त्यातून माणसाचा आणि ओळखीच्या जंतूंचा वजा करायचा, उरेल तो पाहुणा. पेशी वाढवून पाहायची वाट बघावी लागत नाही. शांघायच्या झांग योंगझेन यांच्या गटाचा क्रम ११ जानेवारीला एडवर्ड होम्स यांच्यामार्फत इंटरनेटवर आला, आणि दोन दिवसांत बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या गटाने चाचणीची कृती जागतिक आरोग्य संघटनेकडे दिली. गंमत म्हणजे त्यांच्याकडे नव्या विषाणूचा एकही नमुना नव्हता. ई जनुक दोन्ही विषाणूंत पुरेसा सारखा असल्याने २००३ च्या सार्सचा आरएनए 'पॉझिटिव्ह कंट्रोल' (चाचणी चालते का ते पडताळायचा खात्रीचा नमुना) म्हणून वापरला. वहीतलं हे पान शंभर टक्के कामी आलं. पुण्याच्या एनआयव्हीनेही (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) आधी ई जनुकाने चाळणी, मग आरडीआरपी जनुकाने खातरजमा, याच पद्धतीने काम सुरू केलं. ३० जानेवारीला जाहीर झालेली त्रिशूरची भारतातली पहिली केस तिथेच तपासली गेली.

---

भाबडा_प्रश्न

दोन शंका. एक: सीटी स्कॅनमध्ये न्यूमोनिया ढळढळीत दिसतोय आणि आरटी-पीसीआर निगेटिव्ह, असं का व्हायचं? दोन: सीटी व्हॅल्यू ३५ म्हणजे नक्की किती? आणि दोन्हीला सीटी का म्हणतात, यातच निम्मा महाराष्ट्र गोंधळला होता.

---

पेशीपात्र

स्कॅनमधलं सीटी म्हणजे टोमोग्राफी. पीसीआरमधलं सीटी म्हणजे किती चक्रांनंतर चाचणीतला उजेड (सिग्नल) उंबरठा ओलांडतो तो आकडा. नात्यागोत्याचा काही संबंध नाही.

पीसीआरचं प्रत्येक चक्र मालाची दुप्पट करतं. ३.३ चक्रं म्हणजे दहापट. त्यामुळे २० सीटीवाल्या नमुन्यात ३० वाल्यापेक्षा साधारण हजारपट माल असतो. ४० चक्रं चालवतात, ३५ च्या पुढे सिग्नल काठावरचा. आयसीएमआरने ३५ ची रेषा धरली. महाराष्ट्रात ती २४ वर आणायची टूम निघाली होती, आयसीएमआरने ती नाकारली, आणि ते योग्यच होतं: २५-३० मधले कित्येक जण संसर्ग देऊ शकतात, शिवाय संसर्ग चढतानाचा ३० आणि उतरतानाचा ३० यात चाचणी फरक करू शकत नाही. वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणंही चूक. स्वॅब उथळ घेतला तरी आकडा वर जातो.

निगेटिव्ह का येते, तर बहुतेकदा मशीनआधीच खेळ बिघडलेला असतो:

- नाकातला स्वॅब वर कपाळाकडे नाही, टाळूला समांतर मागे न्यायचा. खोली साधारण नाकपुडीपासून कानापर्यंतच्या अंतराइतकी. अडेपर्यंत नेऊन काही सेकंद ठेवायचा, फिरवायचा, मग काढायचा. बऱ्याच ठिकाणी नाकाच्या तोंडाशीच गुदगुल्या करून संपवायचे.
- काडी प्लास्टिकची, टोक नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं. लाकडी काडी, कापूस किंवा कॅल्शियम अल्जिनेट नको. त्यातले पदार्थ पीसीआरच्या विकराला अडवतात.
- लगेच व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात), २-३ मिली. २ ते ८ अंशांवर, ७२ तासांच्या आत. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंश. घरगुती फ्रीजरचं उणे २० चालत नाही.
- प्रत्येक नमुन्यात माणसाचं आरनेज-पी जनुकही तपासतात. ते उगवलंच नाही तर नमुन्यात माणसाच्या पेशीच नाहीत, म्हणजे 'निगेटिव्ह' नाही, 'नमुना बाद'. हा फरक रिपोर्टमध्ये हरवला की घोळ.

नमुना कुठला हेही बघा. वुहानच्या सुरुवातीच्या अभ्यासात फुप्फुस धुतलेल्या द्रवात ९३ टक्के पॉझिटिव्ह, बेडक्यात ७२, नाकाच्या स्वॅबमध्ये ६३ आणि घशाच्या स्वॅबमध्ये जेमतेम ३२. दुसऱ्या आठवड्यात विषाणू खाली फुप्फुसात आणि आपण वर घशात शोधतोय. तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर हेच.

उलट दिशेची चूकही होते. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने राज्यांना पाठवलेल्या किटमध्ये एन३ नावाचा भाग नुसत्या पाण्याच्या कंट्रोललाही उजेड देत होता. पाणीच पॉझिटिव्ह! कित्येक आठवडे तिथल्या बहुतेक प्रयोगशाळा हातावर हात ठेवून बसल्या.

---

संपर्कसाखळी

आता मूळ दुखण्याकडे येऊ. माझ्या मते सार्सच्या वहीतलं सगळ्यात महागात पडलेलं पान म्हणजे 'विषाणूभार कधी सर्वाधिक असतो' हे.

सार्स २००३: पीरिस यांच्या गटाने तेच ते रुग्ण पुन्हा पुन्हा तपासले. लक्षणं सुरू झाल्यावर साधारण तिसऱ्या दिवशी, म्हणजे भरती होताना, नाकाघशाचा नमुना फक्त ३२ टक्क्यांत पॉझिटिव्ह. चौदाव्या दिवशी ६८ टक्के. विषाणूभाराचं शिखर दहाव्या दिवसाच्या आसपास. याचे दोन अर्थ. वाईट अर्थ: चाचणी सुरुवातीला कुचकामी. चांगला अर्थ: माणूस सर्वाधिक संसर्गजन्य होतो तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला किंवा रुग्णालयात असतो. म्हणून सार्स रुग्णालयांत पसरला, डॉक्टर-नर्सना झाला. आणि म्हणूनच ताप आलेल्याला लगेच वेगळं काढलं की साखळी तुटली. लस नाही, औषध नाही, तरी ५ जुलै २००३ ला साथ आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. एकूण ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू. लक्षणांपूर्वी संसर्ग नव्हताच.

२०२० ला हाच हिशेब लावला. विमानतळावर कपाळाला थर्मल गन, ताप नाही तर जा घरी.

पण नवा विषाणू घशातच वाढत होता. म्यूनिकजवळच्या एका कंपनीत जानेवारीच्या शेवटी छोटा समूह सापडला. तिथल्या नऊ रुग्णांच्या अभ्यासात घशातला विषाणूभार पहिल्या आठवड्यातच, लक्षणं किरकोळ असताना, सर्वाधिक. आठव्या दिवसानंतर नमुन्यातून जिवंत विषाणू वाढवता आला नाही, पीसीआर मात्र पुढे कित्येक दिवस पॉझिटिव्ह. एप्रिलमधल्या हाँगकाँग-ग्वांगझोच्या विश्लेषणात ४४ टक्के संसर्ग लक्षणं दिसण्याआधीच झाल्याचा अंदाज निघाला. 'डायमंड प्रिन्सेस' जहाजावरच्या ३,७११ पैकी ७१२ जण पॉझिटिव्ह, त्यातल्या जवळपास निम्म्यांना चाचणीच्या वेळी काहीच त्रास नव्हता. थर्मल गन काय मोजणार?

याच म्यूनिक समूहाबद्दल एक विचित्र प्रकार घडला. ३० जानेवारीला एका नामांकित नियतकालिकात पत्र आलं की शांघायहून आलेल्या महिलेने लक्षणं नसताना संसर्ग दिला. नंतर कळलं की पत्र लिहिणारे तिच्याशी थेट बोललेच नव्हते; तिला थकवा, अंगदुखी होती, तिने तापाची गोळीही घेतली होती. झालं, टीकेची झोड उठली आणि 'लक्षणांआधी संसर्ग' ही कल्पनाच कच्ची ठरवली गेली. दाखला फसवा होता, निष्कर्ष बरोबर होता. फेब्रुवारीचे मोलाचे आठवडे त्यात गेले.

---

नमुना_क्र_७

@संपर्कसाखळी, बाकी सगळं मान्य, पण "नव्हताच" च्या जागी "नोंदवला गेला नाही" असं लिहा. २००३ मध्ये व्याख्येतच ताप होता. ताप नसलेला माणूस शोधलाच जात नव्हता, मग सापडणार कसा? आपलाच एप्रिल २००३ बघा: गोव्यातल्या एका मरीन इंजिनिअरचा नमुना एनआयव्हीत पॉझिटिव्ह आला, पाठोपाठ पुण्यातही. पण चाचणी पॉझिटिव्ह असून न्यूमोनिया नाही, तर 'संभाव्य' म्हणायचं की नाही यावर वाद झाला. अंतिम तक्त्यात भारताच्या नावावर ३ रुग्ण आणि शून्य मृत्यू आहेत. सौम्य रुग्ण मोजायची सोयच त्या व्याख्येत नव्हती.

---

संपर्कसाखळी

बरोबर. दुरुस्ती मान्य. तरी सौम्य सार्सचे लोंढे सुटून गेले असते तर साथ जुलैत थांबली नसती, आणि नंतरच्या रक्ततपासण्यांतही असे छुपे रुग्ण फारसे निघाले नाहीत, एवढं नोंदवून ठेवतो.

---

कोन_कवायत

मृत्युदराबद्दल लिहितो, कारण पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त फेकाफेक याच आकड्याची होते.

आजवरचे मृत्यू भागिले आजवरचे रुग्ण, हा भागाकार चालू साथीत दोन्ही बाजूंनी खोटं बोलतो. आज नोंदलेला रुग्ण मेलाच तर दोन-तीन आठवड्यांनी मरणार. रुग्ण वाढत असताना छेद आजचा आणि अंश तीन आठवड्यांपूर्वीचा. त्यामुळे दर कमी दिसतो. याउलट फक्त भरती झालेलेच मोजले की छेद अपुरा, त्यामुळे दर जास्त दिसतो. कुठली चूक वरचढ, ते विषाणूवर अवलंबून.

सार्समध्ये सौम्य रुग्ण थोडे, म्हणून पहिली चूक वरचढ. सुरुवातीला ४ टक्क्यांच्या आसपास म्हणत होते, मे २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज १४-१५ वर नेला, अंतिम हिशेब ९.६. कोविडमध्ये दुसरी वरचढ. वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांच्या अहवालात ६ मृत्यू, म्हणजे १५ टक्के. पण ते ४१ जण न्यूमोनिया झाला म्हणूनच मोजले गेले होते. सार्सच्या अनुभवामुळे काही जण 'हा आकडा अजून वर जाईल' म्हणत बसले आणि तो खाली गेला.

---

गटारगंगा

मी इमारतींच्या सांडपाण्याच्या कामातला, डॉक्टर नाही. पण सार्सच्या वहीत आमच्या धंद्याचं एक पान आहे आणि ते २०२० मध्ये कुणी उघडलंच नाही.

हाँगकाँगची अमॉय गार्डन्स वसाहत, मार्च २००३. एकाच वसाहतीत ३२० हून जास्त रुग्ण, सर्वाधिक ई ब्लॉकमध्ये, एकावर एक असलेल्या फ्लॅटच्या रांगांत. पाहुणा म्हणून आलेला एक रुग्ण, त्याला जुलाब. सार्समध्ये दुसऱ्या आठवड्यात ९७ टक्के रुग्णांच्या शौचात विषाणूचा आरएनए सापडत होता.

मोरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाणी साचून राहतं, तेच खालच्या पाइपातली हवा घरात येऊ देत नाही. आपल्याकडे ५० मिमी पाण्याची सील धरतात. अमॉयमध्ये लोक बाथरूमची फरशी धुण्याऐवजी पुसत होते, त्यामुळे ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं. त्यात बाथरूमचा एग्झॉस्ट पंखा दार बंद करून लावला की खोलीत हवेचा दाब कमी होतो आणि सुकलेल्या ट्रॅपमधून मैलापाइपातली हवा घरात खेचली जाते. वर कुणी फ्लश केला की पाइपात तुषार उडतात, ते या हवेत. बाकीचे तुषार पंख्याने बाहेरच्या अरुंद डक्टमध्ये टाकले, ते गरम हवेबरोबर वर चढून वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आत गेले.

कुणी कुणासमोर खोकलं नाही, शिंकलं नाही, तरी शेकडो आजारी. विषाणू हवेतून जाऊ शकतो याचा इतका ढळढळीत पुरावा असताना २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने 'कोविड हवेतून पसरत नाही' असं ठणकावून सांगितलं!

---

संपर्कसाखळी

गटारगंगा, नाव सार्थ केलंत. त्या हवेच्या वादाचं मूळ ५ मायक्रॉन या आकड्यात आहे. '५ मायक्रॉनपेक्षा मोठा थेंब दीड-दोन मीटरमध्ये जमिनीवर पडतो' असं पाठ केलेलं. प्रत्यक्षात इतक्या लवकर पडायला थेंब १०० मायक्रॉनच्या आसपास लागतो. विल्यम वेल्स या संशोधकाने १९३४ मध्येच हे मांडलं होतं. ५ मायक्रॉन ही क्षयाच्या संदर्भातली, फुप्फुसात खोलवर पोचू शकणाऱ्या कणाची मर्यादा. दोन वेगळे आकडे कधीतरी एकाच वाक्यात मिसळले आणि तसेच पाठ्यपुस्तकांत राहिले.

बोलक्या घटना मार्चपर्यंत घडून गेल्या होत्या. ग्वांगझोच्या उपाहारगृहात २४ जानेवारीला शेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले १० जण आजारी; एसीचा झोत त्याच तीन टेबलांवर फिरत होता, ताजी हवा जवळपास नाही. अमेरिकेच्या स्कॅजिट परगण्यात १० मार्चला समूहगायनाचा अडीच तासांचा सराव, ६१ जण हजर, त्यातले ५३ आजारी, २ मृत्यू.

आणि आपण भाज्या धूत बसलो. प्लास्टिकवर ७२ तास, पुठ्ठ्यावर २४ तास विषाणू टिकतो हे सगळ्यांनी ऐकलं. त्याच अभ्यासात प्लास्टिकवरचं अर्धायुष्य ७ तासांपेक्षा कमी होतं आणि विषाणू हवेतही तीन तासांच्या प्रयोगाच्या शेवटपर्यंत जिवंत होता, हे कुणी फॉरवर्ड केलं नाही.

---

प्राणवायू_१५_लिटर

अतिदक्षता विभागाच्या बाजूने लिहितो. तीन मुद्दे, तिसरा पेशीपात्र यांच्यासाठी.

पहिला, सॅच्युरेशन. रुग्ण फोनवर बोलतोय आणि ऑक्सिमीटर ८० दाखवतोय, हे दृश्य सार्सच्या वहीत ठळक नव्हतं. धापेची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. कोविडच्या सुरुवातीला फुप्फुस लवचीक असायचं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहायचा, ऑक्सिजन मात्र आत जात नव्हता. म्हणून सहा मिनिटं चालण्याची चाचणी उपयोगी: बसून मोजायचं, ६ मिनिटं घरात सपाट फरशीवर चालायचं, पुन्हा मोजायचं. ९४ च्या खाली आलं किंवा ३-४ ने घसरलं तर भरती. नेलपॉलिश, थंड बोटं आणि हलता हात यांनी आकडा चुकतो. आकडा अर्धा मिनिट स्थिर झाल्यावरच वाचायचा. बसूनच ९४ खाली असेल तर चालवायचं नाही.

दुसरा, स्टेरॉइड. २००३ मध्ये मिथिलप्रेडनिसोलोन ५०० मिलिग्रॅम आणि त्याहून मोठ्या डोसात दिलं गेलं, धड चाचणी न घेता. फायदा सिद्ध झाला नाही, आणि पुढे कित्येकांच्या खुब्याचं हाड रक्तपुरवठ्याअभावी मेलं. त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये 'सरसकट स्टेरॉइड नको' असा सल्ला आला. त्याला मी चूक म्हणणार नाही. हातात होता त्या पुराव्यावर तोच सल्ला निघत होता. चुकलं ते डोस आणि वेळ वेगळे करून न पाहणं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने ते केलं: डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. हे साधारण ३२ मिलिग्रॅम मिथिलप्रेडनिसोलोनइतकं, म्हणजे २००३ च्या डोसाचा पंधरावा हिस्सा. १६ जून २०२० ला निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्यांचे २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्के. ऑक्सिजनवरच्यांचे २६.२ वरून २३.३. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत फायदा नाही, उलट १४.० चे १७.८, नुकसानीकडे झुकलेले.

ही शेवटची ओळ आपल्याकडे कुणी वाचली नाही. ताप आला, दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड सुरू. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढतोय आणि आपण शरीराचेच हात बांधतोय. साखर चढली, २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने डोळे आणि जबडे गेले, त्यात या उतावळेपणाचा मोठा वाटा.

तिसरा, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मूळचं मलेरियाचं औषध. आयसीएमआरने मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रतिबंधक म्हणून पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा आणि मग ७ आठवडे दर आठवड्याला ४०० अशी सूचना काढली. प्रयोगशाळेत हे औषध विषाणू मारताना स्पष्ट दिसत होतं. मग माणसात का नाही चाललं?

---

पेशीपात्र

कारण 'प्रयोगशाळेत' म्हणजे व्हेरो पेशींत. तेच माकडाचं मूत्रपिंड!

या विषाणूला पेशीत शिरायच्या दोन वाटा आहेत. एक पुढचं दार: पेशीच्या पृष्ठभागावरचं टीएमपीआरएसएस-२ हे विकर काट्याचा तुकडा पाडतं आणि विषाणू थेट आत. दुसरी मागची वाट: पेशी त्याला पिशवीत गिळते, पिशवीतलं आम्ल वाढलं की तो फुटून बाहेर पडतो. क्लोरोक्विन पिशवीतलं आम्ल कमी करतं, म्हणजे मागची वाट बंद. व्हेरो पेशींत टीएमपीआरएसएस-२ जवळपास नाहीच, त्यामुळे तिथे विषाणूला मागूनच यावं लागतं आणि औषध रामबाण वाटतं. माणसाच्या श्वासनलिकेत पुढचं दार सताड उघडं. जुलै २०२० मध्ये माणसाच्या फुप्फुसाच्या कॅलू-३ पेशींत प्रयोग झाले तेव्हा औषधाचा काही परिणाम दिसला नाही.

व्हेरो पेशी वापरतात कारण त्यांना इंटरफेरॉन (विषाणूला रोखणारं प्रथिन) बनवता येत नाही, त्यामुळे विषाणू बिनविरोध वाढतो. वाढवण्यासाठी सोन्यासारख्या, म्हणूनच २००३ मध्ये कामी आल्या. औषध पारखण्यासाठी त्यांचा निकाल फसवा. तेव्हा 'अमुक औषधाने विषाणू ४८ तासांत मेला' अशी बातमी आली की आधी विचारायचं: पेशी कुठल्या? आणि दुसरं: औषधाची तिथली मात्रा माणसाच्या रक्तात गाठता येते का? आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाची पहिली चर्चा या दुसऱ्या प्रश्नापाशीच संपायला हवी होती.

---

कोन_कवायत

आणि बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा? गटागटांवर 'ओ पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा' असे मेसेज वर्षभर फिरत होते.

---

प्राणवायू_१५_लिटर

त्याचं उत्तर आपल्याच देशातून आलं होतं. आयसीएमआरची प्लॅसिड चाचणी, ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. आजार बळावणं किंवा मृत्यू, कशातच फरक नाही. निष्कर्ष सप्टेंबर २०२० मध्येच समोर होते, प्लाझ्मा अधिकृत उपचारांतून बाहेर पडला मे २०२१ मध्ये. ते मेसेज मधल्या काळातले.

---

भाबडा_प्रश्न

एवढ्या जड चर्चेत हलका प्रश्न विचारतो, रागावू नका. @गटारगंगा, आम्ही महिना-दीड महिना घर बंद करून गावी जातो. परत आल्यावर बाथरूममध्ये घाण वास येतो. म्हणजे आमचा नहाणी ट्रॅप अमॉय झालेला असतो का?

---

गटारगंगा

बहुतेक हो. रागवायचं काय त्यात, वास म्हणजे सील सुकल्याची पहिली खूण.

जाण्याआधी प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये एक तांब्या पाणी ओता आणि वरून दोन चमचे गोडेतेल सोडा. तेलाचा थर पाण्यावर तरंगतो आणि बाष्पीभवन मंदावतं. खोबरेल नको, थंडीत थिजून जाळीला चिकटतं. वॉशिंग मशीनजवळच्या आणि बाल्कनीतल्या जाळ्या लोक हमखास विसरतात, त्या आठवणीने भरा. कमोडची चिंता नको, त्यात पाणी जास्त असतं, फक्त झाकण लावून जा. आल्यावर आधी खिडकी उघडा, सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी घाला, आणि एग्झॉस्ट पंखा त्यानंतरच लावा. तरीही वास राहिला तर ट्रॅपची वाटी काढून बघा. जाळी साफ करताना ती आतली वाटीच फेकून दिलेली निम्म्या घरांत सापडते.